उजाड टेकडीवर गवत परत आणायचं तर आधी मुळाशी बुरशी हवी

पारसिकच्या डोंगररांगेची नवी मुंबईकडची बाजू वर्षानुवर्षं दगडखाणींनी कापलेली आहे. जुलैत ठाणे-बेलापूर रस्त्यावरून पाहिलं तर हे कापलेले उतारही हिरवे वाटतात. जवळ गेलं की तो हिरवेपणा कसला आहे ते कळतं: टाकळा, रानमोडी, घाणेरी, काँग्रेस गवत, मधूनच सुबाभूळ. मारवेल, पवन्या, कुसळी ही आपल्या डोंगरांची मूळ गवतं तिथे शोधावी लागतात. इकडे खारघरच्या डोंगरावर, चाफेवाडी-फणसवाडीच्या बाजूला, जिथली माती कुणी उलथीपालथी केलेली नाही, तिथे पाऊसही तोच आणि खडकही तोच, पण पावसाळा सरता सरता गवत दाट माजलेलं असतं.

बी पोचत नाही म्हणावं, तर कुसळीचं बी पँटला आणि शेळ्यांच्या अंगाला चिकटून कुठेही जातं. पाणी म्हणावं, तर ठाणे परिसरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाणीच्या मुरमात माती कमी असते, हे कारण खरंच आहे. पण माती आणून पसरली, बी टाकलं, वर पाणी घातलं तरी देशी गवत धरत नाही आणि तणच माजतं, हा अनुभव अमेरिकेच्या प्रेअरी नावाच्या गवताळ मैदानांपासून ऑस्ट्रेलियाच्या चराऊ रानांपर्यंत सगळीकडे आलेला आहे. उरलेल्या उत्तराचा मोठा भाग मातीतल्या एका बुरशीत आहे. तिचं नाव मायकोरायझा. शेतकऱ्यांना ती ‘व्हॅम’ या नावाने माहीत आहे, कारण कृषी सेवा केंद्रात त्या नावाने तिच्या पुड्या मिळतात.

बुरशी म्हटलं की आपल्याला शिळी भाकरी, द्राक्षावरची भुरी, भातावरचा करपा आठवतो. ही बुरशी त्या जातकुळीतली नाही. ती मुळाच्या आत शिरते, पण मूळ सडवत नाही. झाडाकडून अन्न घेते आणि बदल्यात मातीतून पोषण आणून देते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी 1885 मध्ये या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं. त्यांच्याकडे काम वेगळंच आलं होतं: प्रशियात ट्रफल नावाची महागडी खाद्य बुरशी लावता येईल का, ते पाहायचं. ते पाहता पाहता झाडांच्या मुळांवर बुरशीचं वेष्टण दिसलं आणि हे झाड आजारी नसून उलट चांगलं पोसलेलं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे तिचे अनेक प्रकार कळले. देवदार-पाइनची बुरशी मुळाबाहेरून वेढते. गवतं, ज्वारी, भात, ऊस, कांदा आणि आपली बहुतेक रानझाडं यांची बुरशी मुळाच्या पेशींत शिरते. जमिनीवरच्या वनस्पतींच्या सुमारे 70 टक्के जाती या दुसऱ्या प्रकाराच्या आधाराने जगतात. ही सोबत फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या खडकात सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म सापडले, त्यांच्या पेशींत हीच रचना आहे. तेव्हा वनस्पतींना धड मुळंही फुटलेली नव्हती.

आता मुद्दा स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा. नत्र, स्फुरद, पालाश या तिघांतला स्फुरद सगळ्यात अडेलतट्टू. नत्राचा नायट्रेट पाण्याबरोबर वाहतो आणि मुळापर्यंत आपोआप येतो. स्फुरद मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतो. लोह आणि ॲल्युमिनियम जास्त असलेल्या तांबड्या मातीत तर तो इतका जखडला जातो की माती परीक्षणात एकूण स्फुरद भरपूर असूनही पिकाला मिळणारा स्फुरद नगण्य निघतो. मूळ जवळचा स्फुरद शोषून घेतं आणि त्याच्याभोवती मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा होतो. पलीकडून नवा स्फुरद यायला फार वेळ लागतो. बुरशीचे तंतू या रिकाम्या पट्ट्याच्या बाहेर काही सेंटीमीटरपर्यंत जातात. त्यांची जाडी 2 ते 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, म्हणजे मुळाला जिथे शिरता येत नाही अशा बारीक पोकळ्यांतही ते शिरतात. जस्त, तांबं आणि थोडंफार पाणीही त्याच वाटेने येतं.

बदल्यात गवत आपल्या पानांत तयार केलेल्या अन्नाचा साधारण 4 ते 20 टक्के वाटा बुरशीला देतं. साखर देतंच, शिवाय स्निग्ध पदार्थही देतं. ही गोष्ट 2017 मध्ये स्पष्ट झाली. ही बुरशी स्वतःची स्निग्धाम्लं नव्याने बनवूच शकत नाही, ती झाडाकडूनच घ्यावी लागतात. म्हणून जिवंत मुळाशिवाय ती आपलं आयुष्य पुरं करू शकत नाही. शेणखताच्या ढिगात किंवा कुजणाऱ्या पानांवर ती वाढत नाही. कितीही चांगली दिसणारी माती मुळांशिवाय पडून राहिली, तर तिच्यातली ही बुरशी हळूहळू संपते. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर अवलंबून आहे.

दोघांची भेट होते ती रसायनांच्या खुणेने. स्फुरदाची टंचाई झाली की मूळ मातीत स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्यं सोडतं आणि जवळ असलेल्या बुरशीच्या तंतूला फांद्या फुटून तो मुळाकडे वळतो. हे जपानी संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं. त्या द्रव्यांची ओळख मात्र त्याआधी कितीतरी वर्षं होती, ती एका शत्रूमुळे. ज्वारीवर वाढणारा टारफुला हीच खूण ओळखून रुजतो आणि पिकाच्या मुळाला चिकटतो. झाड बुरशीला बोलावतं आणि ती हाक परजीवी तणही ऐकतं. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

हे डोळ्यांनी पाहता येतं आणि त्याला भारी यंत्र लागत नाही. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ऑगस्टमध्ये मारवेलचं एक ठोंब आणावं, मुळं पाण्यात हलक्या हाताने धुवावीत. जाड मुळं सोडून द्यायची, पांढरट, दोऱ्यासारखी बारीक मुळं घ्यायची. ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात गरम करायची, म्हणजे पेशींतला गर निघून मूळ पारदर्शक होतं. मग धुवून, व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची शाई 5 टक्के मिसळून त्यात काही मिनिटं उकळायची. शाई-व्हिनेगरची ही पद्धत 1998 पासून जगभर रूढ आहे आणि महागड्या, विषारी रंगांची गरज तिने कमी केली. शेवटी साध्या व्हिनेगरमिश्रित पाण्यात ठेवून जादा रंग उतरवला की मूळ काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. मुळाच्या लांबीने निळे तंतू धावताना दिसतात. मधे मधे फुगीर निळे गोळे असतात, तो बुरशीचा चरबीचा साठा. आणि भिंग वाढवलं की एखाद्या पेशीत तंतूला फांदी, त्या फांदीला आणखी बारीक फांदी असं होत होत अख्खी पेशी भरून गेलेली दिसते. देवाणघेवाण होते ती इथे. ही रचना काही दिवसच टिकते, विरघळते आणि शेजारच्या पेशीत नवी तयार होते. हाच प्रयोग काटेमाठाच्या मुळावर केला तर आत काही दिसत नाही, कारण राजगिऱ्याचं आणि मोहरीचं कूळ या बुरशीशी सोबत करत नाही. खणलेल्या, उलटलेल्या जमिनीवर माठासारखी तणं आधी का येतात, याचा एक धागा इथे सापडतो. त्यांना कुणाची वाट पाहायची नसते.

देशी गवतांचं तसं नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या कोन्झा प्रेअरीवर या विषयाचं सर्वांत बारकाईने काम झालं आहे. तिथलं मुख्य गवत, बिग ब्लूस्टेम, बुरशी काढून टाकलेल्या मातीत लावलं तर रोप जेमतेम तग धरतं, वाढत नाही. उष्ण हंगामात वाढणारी गवतं या बुरशीवर खूप अवलंबून असतात, थंड हंगामातली कमी, असं तिथे दिसलं. आपली मारवेल, पवन्या, कुसळी आणि ज्वारी, ऊस ही सगळी बिग ब्लूस्टेमच्याच गणगोतातली, उष्ण हंगामातली. दाबडघाव आणि शंकरनारायण या गवत-अभ्यासकांनी 1973 मध्ये भारतातल्या गवताळ प्रदेशांची पाच प्रकारांत मांडणी केली, तीत दख्खनचा हा सगळा भाग पवन्या आणि मारवेलच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे ज्या गवतांनी आपले माळ आणि डोंगर घडवले, तीच या बुरशीच्या गैरहजेरीत सर्वांत अडचणीत येतात.

बुरशी जाते कशाने? सर्वांत मोठा घाव जेसीबीचा. या जीवांचा बहुतेक भाग वरच्या वीतभर मातीत असतो आणि बांधकामात, खाणीत, रस्ता रुंदीकरणात पहिल्यांदा तीच माती खरवडली जाते. ती फेकून न देता बाजूला ढीग करून ठेवली तरी ढिगाच्या आत मूळ नाही, हवा नाही. काही वर्षांनी तीच माती परत पसरली तर ती रंगाने माती असते, पण बुरशीच्या दृष्टीने जवळजवळ रिकामी. विमानतळ, महामार्ग, नवे सेक्टर असं काम नवी मुंबईत सतत चालू असताना, काढलेली वरची माती किती महिने ढिगात राहते, हा प्रश्न कुणी विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं. ढीग उथळ ठेवून त्यावर ज्वारी-बाजरी पेरली तरी बराच जीव वाचतो.

दुसरा घाव खताचा. मोकळा स्फुरद हाताशी आला की गवत बुरशीला अन्न देणं कमी करतं. उतारावर हिरवळ लवकर दिसावी म्हणून डीएपी हे स्फुरदाचं खत टाकलं की तण फोफावतं आणि बुरशीची गरज असलेली गवतं मागे पडतात. चराईचं गणित वेगळं आहे. बेताची चराई बुरशीला मारत नाही. पण पान उगवताच ओरबाडलं जात राहिलं तर गवताकडे द्यायलाच काही उरत नाही. वणव्याची आच गवताच्या आगीत जमिनीखाली दोन-तीन बोटांपलीकडे फारशी जात नाही, म्हणून एखादी आग पचते. दरवर्षी मार्चमध्ये डोंगर पेटले की मात्र माती उघडी पडते, पहिल्या पावसात वरचा थर ओढ्याला जातो आणि त्याच्याबरोबर बुरशीही.

मग ती परत कशी आणायची? दही लावायला जसं जिवंत विरजण लागतं, तशी इथे धडधाकट गवताळ जागेतली थोडी जिवंत माती लागते. नेदरलँड्समध्ये जुन्या शेतजमिनीचा खतावलेला थर काढून त्यावर चांगल्या माळाची माती सेंटीमीटरभर जाडीचीसुद्धा नाही इतकी पातळ पसरली. सहा वर्षांनी तिथली वनस्पतींची रचना, ती माती जिथून आणली त्या जागेकडे झुकलेली दिसली. गवताळ रानाची माती टाकली तिथे गवताळ रान, खुरट्या झुडपांच्या रानाची टाकली तिथे तसं रान. हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. कॅन्ससमध्येही स्थानिक प्रेअरीतून वाढवलेली बुरशी रोपांच्या मुळाशी घातली तर मूळची, उशिरा बस्तान बसवणारी गवतं आणि फुलझाडं चांगली टिकतात, असं वारंवार आढळलं. आपल्याकडचं उदाहरणही आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्याची प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा यांच्या जोरावर झाडोरा उभा केला. ते काम मुख्यतः झाडांचं होतं, पण मुरमाच्या ढिगातही मुळाशी जीव घातला तर हिरवं टिकतं, हे त्याने दाखवून दिलं.

इथे पुडीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. बाजारातली व्हॅमची पुडी सरसकट वाईट नाही. नर्सरीत निर्जंतुक केलेल्या मातीत रोपं करताना ती उपयोगी पडू शकते. भारतात खत नियंत्रण आदेशाखाली तिला दर्जाची मोजमापंही आहेत. पण ती उन्हात ठेवलेल्या दुकानात किती जिवंत राहिली, हे पुडीवर लिहिलेलं नसतं आणि वेगवेगळ्या देशांत झालेल्या तपासण्यांत अनेक उत्पादनांतून मुळांना बुरशी लागलीच नाही असं निघालं. शिवाय तिच्यात सहसा सहज वाढणाऱ्या एखाद-दोन जाती असतात. खारघरच्या पठारावर गवताच्या मुळाशी अनेक जाती एकत्र नांदतात, त्यांना आठ महिने कोरडी जमीन आणि चार महिने धो धो पाऊस याची सवय आहे. टेकडीवरच्या गवतासाठी मी पुडीपेक्षा नेहमीच जवळच्या माळाची माती निवडेन.

पण डोंगरावरून टेम्पो भरून माती आणायची नाही. एक जागा बरी करायला दुसरी उघडी पाडणं चूक आहे, आणि मातीबरोबर रानमोडीचं बी व मुळांचे रोगही येतात. मूठ-दोन मूठ माती पुरते, ती वाढवून घ्यायची. जमीन ज्याची आहे त्याची किंवा वन विभागाची परवानगी घेऊन, तण नसलेल्या दाट गवतातून, पाच-सहा ठिकाणी ठोंबाच्या बाजूला वीतभर खोलीपर्यंतची थोडी माती बारीक मुळांसकट घ्यावी. भाजून किंवा उकळून निर्जंतुक केलेली वाळू आणि माती अर्धी अर्धी मिसळून कुंड्या किंवा जुन्या पिशव्या भराव्यात, मधल्या थरात आणलेली माती घालावी आणि वर ज्वारी किंवा मका दाट पेरावा. रासायनिक स्फुरद अजिबात द्यायचा नाही. शेणखतही अगदी थोडं. तीन ते चार महिने पीक वाढू द्यावं. शेवटचे आठ-दहा दिवस पाणी तोडावं, म्हणजे पीक वाळत जातं आणि बुरशी बीजाणू धरते. मग ताटं कापून टाकावीत, मुळं बारीक चिरून त्याच मातीत मिसळावीत. हे मिश्रण सावलीत ठेवून त्याच हंगामात वापरावं. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत पेरलं तर मेअखेर तयार होतं.

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, जमीन नीट भिजली की मारवेल-पवन्याची ठोंबं लावताना हे मिश्रण खड्ड्याच्या तळाशी मूठभर घालून मुळं थेट त्यावर टेकवावीत. वरून फवारून किंवा शिंपडून उपयोग नाही. तंतूला मूळ सापडेपर्यंतच्या त्याच्या आयुष्यात प्रत्येक सेंटीमीटर महत्त्वाचा असतो. सगळ्या उतारावर एकसारखं घालायची गरजही नाही. थोड्या थोड्या अंतरावर बुरशी लागलेली ठोंबं लावली तर ती आजूबाजूला पसरते आणि शेजारी उगवणाऱ्या रोपांना मिळते. उतार फार तीव्र असेल तर आधी दगडांची आडवी ओळ घालून माती थोपवावी लागेल, नाहीतर पहिल्याच मुसळधार पावसात मिश्रणासकट सगळं खाली येईल.

या बुरशीला चमत्कार म्हणून विकणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. जंगलातली झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई झाड पिलांना भरवतं, अशा गोष्टी खूप पसरल्या आहेत. 2023 मध्ये याच क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी उपलब्ध पुरावे तपासून, प्रत्यक्ष रानात यातलं बरंच काही सिद्ध झालेलं नाही असं मांडलं. गवताळ रानातही परिणाम एकसुरी नसतात. कोन्झावर पाच वर्षं बुरशीनाशक घालून ही बुरशी दाबून ठेवली तेव्हा तिथली दादा गवतं मागे हटली आणि इतर जातींची संख्या उलट वाढली. युरोपच्या चुनखडीच्या गवताळ जमिनींत बुरशीने विविधता वाढवल्याचं दिसलं. बुरशी कुणाच्या बाजूने झुकेल हे तिथे कोणती गवतं आहेत त्यावर ठरतं. आपल्या उजाड उतारावर आज गवतच नाही, त्यामुळे तिथे मूळच्या गवतांना बळ मिळणं हेच हवं आहे. पण खारघरच्या पठारासारख्या भरल्या माळावर वरून आणखी काही घालायला जाऊ नये.

आणि अशा माळावर खड्डे घेऊन झाडंही लावू नयेत. हे मी आग्रहाने म्हणतो, कारण दर जुलैत वृक्षारोपणासाठी मोकळी जागा शोधणारे चांगल्या मनाचे लोक नेमके गवताळ पठारच निवडतात. सरकारी दप्तरात ते पडीक लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मुंबईच्या तबेल्यांना एके काळी ठाणे जिल्ह्याच्या याच वरकस जमिनींनी गवत पुरवलं आणि आजही पाड्यांवरची गुरं त्याच्यावर जगतात. झाडं लावायला खाणीचा तळ, रस्त्याची कडा, सोसायटीचं आवार आहे. अखंड गवताचे तुकडे उरलेत ते आपल्या सगळ्या उतारांसाठी बुरशीचा साठा आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

काम जमलं की नाही हे पहिल्या पावसाळ्यात ठरवता येत नाही, कारण जुलैत सगळंच हिरवं असतं. लावलेल्या ठोंबांच्या शेजारी मिश्रण न घातलेली तेवढीच ठोंबं खूण करून ठेवावीत. मे महिन्यात दोन्हीकडची किती जिवंत आहेत ते मोजावं, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर कोणाला आधी आणि किती फुटवे येतात ते पाहावं. दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये दोन्हीकडची बारीक मुळं काढून शाईत उकळून बघावीत. मिश्रण न घातलेल्या ठोंबांतही निळे तंतू दिसले, तर बुरशी पसरली आहे आणि पुढच्या वर्षी उताराच्या वरच्या टप्प्यात नुसती ठोंबं लावूनही चालेल. दिसले नाहीत, तर जानेवारी-फेब्रुवारीतच पुन्हा ज्वारीच्या कुंड्या भराव्या लागतील.